दाजींच्या बोटीचा सायलेन्सर

पेणच्या दुकानात इंजिन विकणाऱ्याने मला आधी खुर्ची दिली, मग चहा मागवला, आणि मी सायलेन्सरचं विचारल्यावर तो हसला.

"बोटीला सायलेन्सर? कशाला, मासळीची झोपमोड होते काय?"

दुकानात आणखी दोघं बसले होते, तेही हसले. समोर लाकडी ठोकळ्यांवर दोन सिलिंडरचं नवंकोरं डिझेल इंजिन ठेवलं होतं. रंग चकचकीत, नटबोल्टांना ग्रीस, आणि धूर बाहेर पडायच्या तोंडाला वीतभर सरळ नळी. बस, एवढंच. मी म्हणालो, "माझ्या टेम्पोचा सायलेन्सर काढून मी वडखळच्या नाक्यावरून गेलो, तर पोलीस मला सोडेल?"

"पाण्यावर कुठं नाका हाय?" तो म्हणाला.

त्या उत्तराचा राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही, कारण उत्तर बरोबर होतं. पुढे मी बोटींची नोंदणी होते त्या कचेरीतही जाऊन आलो. तिथला कारकून सभ्य माणूस. त्याने मला अर्ज उलटसुलट करून दाखवला. इंजिनाची ताकद लिहायला रकाना, बोटीची लांबी लिहायला रकाना, माणसं किती बसतात त्याला रकाना. आवाजाला रकाना नव्हता. रकाना नाही म्हणजे आवाज नाही. कचेरीपुरता तो प्रश्न सुटला होता.

माझा सुटला नव्हता. माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, पेणच्या बाजूला खाडीवर तर चालवतात, म्हणजे या काठाची माणसं बोटीने त्या काठाला नेतात. सुकाणू मागे, इंजिन त्यांच्या पुढ्यात, आणि त्या इंजिनाची उघडी नळी त्यांच्या उजव्या कानापासून हातभर अंतरावर. वीस-बावीस वर्षं दिवसातून दहा-बारा खेपा ती नळी त्यांच्या कानात ठणाणा करत होती. डॉक्टरांनी कान तपासून सांगितलं की उजवा गेला, तो परत येणार नाही. डावा अजून आहे, पण जवळचं बोलणं ऐकण्यापुरता, आणि आवाज असाच चालू राहिला तर तोही जाईल.

हे मला बहिणीने येऊन सांगितलं. रोह्याजवळ वरसे गावात माझी शेड आहे, तिथे ती स्टुलावर बसली होती. ग्राइंडर बंद होता, कामगार जेवायला गेले होते, आणि ती माझ्याशी ओरडून बोलत होती.

"बाय, मी काय बहिरा हाय?" मी म्हणालो.

ती आवाज खाली आणून म्हणाली, "सवय लागली रं दादा."

मी पाण्याचा माणूस नाही. आमचं घर रोह्याच्या आतल्या अंगाला, भात आणि भातानंतर वाल, एवढीच आमची शेती. ठेकेदाराच्या हाताखाली कंपनीत शिफ्ट करता करता मी वेल्डिंग शिकलो, आणि कुणाचा हात डोक्यावर नसताना स्वतःची शेड उभी केली. कंपन्यांच्या हवा फेकणाऱ्या मोठमोठ्या ब्लोअरचे सायलेन्सर माझ्याकडे बनतात. कंपनीत ब्लोअरजवळ माणूस कानात बोळे न घालता उभा राहिला तर सेफ्टीवाला आभाळ डोक्यावर घेतो. आणि तिथून तासाभराच्या अंतरावर माझ्या बहिणीचा नवरा रोज त्याहून मोठा आवाज उघड्या कानाने खात होता, आणि त्याबद्दल बोलायला एक माणूस नव्हता. माझा संताप झाला. संतापात मी चांगलं काम करतो, हे माझे कामगार सांगतील.

पण काम करायच्या आधी दाजींना राजी करायचं होतं. मी खाडीवर गेलो. दाजी बोटीच्या फळीवर बसून नायलॉनच्या दोरीला गाठ मारत होते. मी त्यांच्या डाव्या बाजूला बसलो.

"मेव्हणे, आवाज गेला म्हंजे दम गेला," ते म्हणाले. "लोक म्हणतील, याचं इंजिन म्हातारं झालं. मग पलीकडच्या बोटीत बसतील."

"महिनाभर लावून बघा."

"चार दिस."

"पंचवीस."

"चार."

मी आयुष्यभर घासाघीस करत आलोय. पत्रा घेताना, कामाचा भाव ठरवताना, शेडची जागा घेताना. समोरचा माणूस कुठे वाकतो ते मला कळतं, निदान मला तसं वाटतं. दाजी आठ दिवसांवर आले आणि तिथे थांबले. वर म्हणाले, "येत्या अष्टमीला लावा." मी लगेच हो म्हणालो. चाराचे आठ केले, दुप्पट केले, म्हणून मी खूश होऊन परतलो. अष्टमीच का, हे विचारायचं मला सुचलं नाही.

सायलेन्सरचा डबा मी स्वतः बनवला, कामगाराला हात लावू दिला नाही. युक्ती साधी होती. इंजिन थंड करायला खाडीचं पाणी आत खेचलं जातं आणि गरम होऊन बाहेर टाकलं जातं. ते बाहेर जाणारं पाणी मी धुराच्या पाइपात सोडलं. धुरात पाणी मिसळलं की धूर निवतो, आकसतो, आणि त्याचा धक्का डब्यातच मरतो. डब्यातून पाइप वर नेला, दोन विती उंच कमान केली, म्हणजे बाहेरचं पाणी उलटं आत येणार नाही, आणि मग तो बोटीच्या उजव्या कडेतून बाहेर काढला. उजव्या, कारण उजवा कान गेलेलाच होता. जे काही थोडं फटफट उरेल ते त्या बाजूला जावं आणि डाव्या कानाला आराम पडावा, एवढा विचार मी केला होता.

दाजींना मी विचारलं होतं, "बोट पूर्ण भरली की बाहेरून पाणी कुठपर्यंत चढतं?" त्यांनी कोळशाने बोटीच्या अंगावर रेघ मारून दिली. मी पाइपाचं तोंड रेघेच्या वीतभर वर ठेवलं. दाजी शेजारी उभे राहून बघत होते. भोक पाडलं तेव्हा फळी त्यांनीच धरली होती.

अष्टमीला दुपारी ओहोटी असतानाच आम्ही इंजिन चालू केलं. बोट आपल्या जागेवर आरामात तरंगत होती. इंजिन फुरफुरलं आणि स्थिर झालं, आणि मला चक्क फळ्यांना लागणाऱ्या पाण्याची चुळचुळ ऐकू आली. बहीण काठावर उभी होती, तिने तोंडाला पदर लावला. मी दाजींकडे बघितलं. ते इंजिनाकडे बघत होते. मग त्यांनी वाकून हात इंजिनाच्या अंगावर ठेवला आणि तसाच ठेवून दिला. मला वाटलं, कौतुकाने ठेवलाय.

दुसऱ्या दिवशी मी प्रवाशांबरोबर बसलो. टोपल्या घेतलेल्या चार बायका, शाळेचे एक मास्तर, आणि लग्नाचं बोलावणं करत फिरणारं एक जोडपं. बोट निघाली तशी एक म्हातारी म्हणाली, "अगो बाय, ही बोट हाय का पाळणा?" सगळे हसले. मास्तरांनी फोन काढला आणि खाडीच्या मध्यावर बसून कुणाशी तरी शांतपणे बोलले. बायका गप्पा मारू लागल्या. त्या बोटीत कुणी कधी गप्पा मारल्या नव्हत्या, नुसते हातवारे करायचे. माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात वाऱ्याने उजव्या कडेला बसलेल्या एका बाईची चुंबळ, टोपलीखाली डोक्यावर ठेवायचा कापडाचा वळसा, उडून पाण्यात पडली. "जरा थांबव रं, चुंबळ पडली माझी," ती म्हणाली. साध्या आवाजात म्हणाली. ओरडायची आता गरजच नव्हती.

दाजी समोर बघत होते.

"थांबव की रं." पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिने जरा जोर लावला, तरी त्यांची मान हलली नाही. मास्तरांनी फोन खाली घेतला. सगळे आता दाजींकडे बघायला लागले. ती म्हातारी म्हणाली, "बायकोचं ऐकून ऐकून कान झिजलं काय रं तुझं?" आणि बोटभर हशा पिकला.

माणसं आपल्याकडे बघून हसतायत हे दाजींना दिसलं. मग तेही हसले. कशाला हसायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी उठून त्यांच्या खांद्याला हात लावला आणि मागे बोट दाखवलं. तोवर चुंबळ पार लांब गेली होती.

हे मी तेव्हाच समजून घ्यायला हवं होतं. पूर्वी बोटीत कुणालाच काही ऐकू येत नसे, त्यामुळे दाजींनाही येत नाही याचं कुणाला काही नव्हतं. मी आवाज काढून घेतला आणि बाकी सगळ्यांचे कान मोकळे झाले. बहिरे एकटे दाजी उरले. पण मी डब्याच्या आनंदात होतो. संध्याकाळी रोह्याला परत आलो आणि दुसऱ्याच कामाला लागलो.

आठव्या दिवशी, पौर्णिमेला, सकाळी बहिणीचा फोन आला. "दादा, इंजिनात पाणी शिरलंय. ये तू."

मी गेलो तेव्हा खाडी पार आटलेली होती. बोट चिखलात बसली होती, सरळ नाही, उजव्या कडेवर कलंडून. माझ्या पाइपाचं तोंड चिखलाला टेकलं होतं. पेणहून आलेल्या मिस्त्रीने इंजिनाचं हेड खोललं होतं आणि दोन्ही सिलिंडरांत खारं पाणी भरलेलं होतं. बांधावर दहा-पंधरा माणसं जमली होती. "रोहेकरानं इंजिनाला पाणी पाजलं," कुणीतरी म्हणालं. काय झालं ते मला एका नजरेत कळलं होतं आणि माझ्या कानशिलातून वाफा निघत होत्या.

अष्टमीच्या आसपास भांग असते, म्हणजे भरती-ओहोटी बारीक. ओहोटी लागली तरी त्या जागेवर बोट तरंगायला पुरेल एवढं पाणी राहतं. मी बोट बघितली ती तेव्हा. पौर्णिमेला उधाण. तेव्हा भरती मोठी तशी ओहोटीही मोठी, खाडी तळापर्यंत खाली जाते आणि बोट चिखलात बसते. बांधाच्या उतारामुळे ती दर वेळी उजवीकडेच कलते. मग पाणी परत चढतं तेव्हा बोट वर उचलली जायच्या आधीच कललेली कड बुडते. माझी दोन विती कमान आडव्या झालेल्या बोटीत कमानच राहिली नाही. रात्रीच्या भरतीत पाणी सरळ आत गेलं. बोट भरली की पाणी कुठपर्यंत चढतं, ते मी विचारलं होतं. ओहोटीचं विचारलं नव्हतं. भाताच्या गावचा माणूस पाणी किती चढेल हे विचारतो. पाणी गेल्यावर बोट कशी बसते, हे त्याच्या डोक्यात येत नाही.

पण दाजींच्या डोक्यात येतं. त्यांचा जन्म त्या चिखलात गेला.

घरी पोचल्यावर मी दारातच सुरुवात केली. "बोट उजवीकडे कलते हे तुम्हाला ठाऊक होतं."

"व्हय."

"मी पाइप उजवीकडून काढला हे तुम्ही बघितलंत. फळी तुम्ही धरलीत."

"धरली."

"आणि आठवा दिवस उधाणाचा येतो हेही ठाऊक होतं. म्हणून अष्टमी सांगितलीत."

"अष्टमी भांगेची म्हणून सांगितली. काम करायला पाणी शांत असतं," दाजी म्हणाले. "बाकी तुम्ही विचारलंत काय मला?"

मी जे काही बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या घरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं, एवढं सांगतो. दाजी भिंतीला टेकून ऐकत होते, किंवा माझे ओठ बघत होते. माझा दम संपल्यावर ते म्हणाले, "दुसऱ्या दिवशीच मी ठरवलं होतं, डबा काढायचा. पण आठ दिसांचा शब्द दिला होता. म्हटलं, उधाण येतंय, ते काढील. इंजिनापर्यंत पाणी जाईल असं वाटलं नव्हतं." मग म्हणाले, "सगळ्या बोटीत मी एकटाच बहिरा दिसतो हो. इंजिन चालू हाय का बंद, तेपण मला हात लावून बघायला लागतं."

तोपर्यंत बहीण चुलीपाशी होती. ती बाहेर आली, नवऱ्याच्या डाव्या बाजूला बसली आणि बारीक आवाजात म्हणाली, "मी आता बोलते ते येतं काय ऐकू?"

"येतं."

"मग तेवढं तरी राहू द्या. एकदा हा कान गेला म्हंजे मी काय नुसते हात हलवत बसू काय जन्मभर?"

शेवटी दाजींनी मला विचारलं, "पाणी न घालता होईल काय?"

होईल, मी म्हणालो. कोरडा डबा, उभा पाइप, बोटीवरच्या छपराच्या वर तोंड, वर टोपी. आवाज पाण्याच्या डब्याइतका कमी होणार नाही, पण कानाजवळून निघून डोक्यावर जाईल, आणि बोट कशीही लवंडली तरी खाडी त्यात शिरणार नाही.

"मग लावा. पण माझं ऐका," दाजी म्हणाले, आणि सौदा सुरू झाला. लोक बांधावर विचारत होते की खाडीच्या माणसाने कलत्या बाजूने पाइप काढू दिला कसा. याला उत्तर हवं होतं. दाजींनी उत्तर तयारच ठेवलं होतं. "मी सांगितलं होतं, मेव्हण्यांनी ऐकलं नाही." हे गावात जायचं आणि मी ते खोडायचं नाही. कानाबद्दल तर कुणाकडे एक अक्षर नाही.

मी घासाघीस करायचा प्रयत्न केला. दोघांची चूक म्हणा. नाही. माझ्या कामगाराची चूक म्हणा. नाही. सहा महिन्यांनी खरं सांगू. नाही. माझ्या उभ्या हयातीत एवढा वाईट सौदा मी केलेला नाही. समोर बहीण बसली होती, आणि तिच्यासमोर मला उठून जाता येईना, हे त्या माणसाला पक्कं माहीत होतं. मी हो म्हणालो.

उभा पाइप लागला. दाजी आता अनवाणी पाय इंजिनाखालच्या फळीवर ठेवून बसतात, इंजिन कसं चाललंय ते त्यांना पायातून कळतं. बहीण पुढच्या फळीवर बसते. कुणी थांब म्हणालं की ती हात वर करते. लोक म्हणतात, बायको नवऱ्यावर नजर ठेवायला बसते. तेही त्या दोघांनी चालवून घेतलंय. मागच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, डावा कान होता तिथेच आहे.

म्हणजे काम झालं. मग माझी कुरकुर कशाची?

खाडीच्या त्या काठावर आणखी बोटी आहेत. प्रत्येकीला तीच वीतभर नळी आणि तिच्यापासून हातभर अंतरावर एक कान. मध्यंतरी त्यांतला एक बोटवाला मला वडखळला चहाच्या टपरीवर भेटला. वयाने दाजींपेक्षा लहान. मी बोलायला लागलो तर त्याने मान वळवून डावी बाजू पुढे केली. मी ते लगेच ओळखलं. म्हणालो, "भाऊ, उभा सायलेन्सर लावून घे. मी करून देतो."

"तुमचा?" तो म्हणाला. "तुमचे दाजी सांगत असताना ज्यानं ऐकलं नाय आणि इंजिन बुडवलं, त्याचा?"

"आता त्यांच्या बोटीवर आहे ना माझाच."

"ते काय, मेव्हण्याचं मन राखायला लावलाय त्यांनी. सगळ्यांना ठाऊक हाय."

चार माणसांत मला कुणी वेडावलं आणि मी गप्प बसलो, असं यापूर्वी झालेलं नव्हतं. अपमानाचं मी बघून घेतलं असतं. पण एका माणसाची लाज राखायला मी जे खोटं अंगावर घेतलं, त्यापायी बाकीचे बोटवाले माझ्या कामाला हात लावेनात, आणि मी त्यांना खरं कारण सांगू शकत नाही. इंजिन विकणारा हसतो, कचेरीला रकाना नाही, आणि जो एक माणूस हे काम करू शकतो त्याच्या तोंडाला घरच्या माणसाने कुलूप घातलंय.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा खाडीवर गेलो. दाजी बोटीतलं पाणी उपसत होते. मी मुद्दाम त्यांच्या डाव्या बाजूला बसलो आणि अगदी हळू, कुजबुजल्यासारखं म्हणालो, "दाजी, आता तरी लोकांना खरं सांगू या."

त्यांना ऐकू आलं. पहिल्या खेपेला.

"नाय," ते म्हणाले.

"तुमच्यासारखेच अजून चार-पाच जण बहिरे होतायत इथं."

त्यांनी डबडं खाली ठेवलं. ते पलीकडच्या काठाला लागलेल्या दुसऱ्या बोटीकडे बघत राहिले. तिचा आवाज आम्हा दोघांनाही येत होता. "मला सांगायला जमणार नाय," ते म्हणाले.

"मग मी लिहितो."

"लिवा. माझं नाव नका घालू. गावाचं पण नको."

नाव घातलेलं नाही, गावाचंही नाही. तेवढी अट मी पाळली. बाकीचं सगळं सांगून टाकलं आहे, आणि त्या काठावरच्या ज्या बोटवाल्यांना मी हे वाचून दाखवणार आहे त्यांनी एवढं ध्यानात घ्यावं: इंजिन बुडलं ते आडव्या पाइपामुळे, आणि तो मी बसवला होता. उभ्या पाइपात पाणी शिरत नाही. वरश्याला माझी शेड रविवार सोडून रोज उघडी असते.